किल्ली फिरली नाही

सारजाबाई, माझी माय. धाड गावच्या ख्रिस्ती मंडळीनं निवडून दिलेली पंच. तिला गिरजाघरात, भर उपासनेत, काठीनं मारलं. मार्गशीर्षातला पहिला रविवार, दुसरं गीत नुकतंच संपलेलं. साक्षीला अख्खी मंडळी. ज्याला खोटं वाटतं त्यानं धाडला यावं.

गोरा मिशनसाहेब गाव सोडून गेला तेव्हा त्यानं दानपेटी मंडळीच्या हवाली केली. पेटीला दोन कुलुपं. एक किल्ली थोरल्या पंचांकडे. हा माणूस पाटलाच्या घरातला. येशूचा झाला, पाटीलकी सोडली नाही. दुसरी किल्ली महारवाड्यातल्या माणसाकडे, असं ठरलं. आम्ही हात वर करून मायला निवडलं. पेटी तिच्यासारख्यांनीच तर भरली होती. आमच्या बाया दळायला बसायच्या आधी ज्वारीची एक मूठ मडक्यात बाजूला टाकतात. पोरं अर्धपोटी असली तरी टाकतात. रविवारी ती ज्वारी विकायची, पैसा पेटीत. त्यातून शाळेच्या छपरावर कवेलू घालायचे होते.

मायनं किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. वावरात निंदायला, तण काढायला जातानाही काढली नाही.

अर्पणाची थैली आमच्याकडे लांब काठीला बांधलेली. कशासाठी? थोरल्या पंचांचा हात आमच्या हाताला लागू नये म्हणून. लहानपणी मला वाटायचं, काठी देवानंच सांगितली असेल.

त्या रविवारी माय पेटीपाशी गेली. किल्ली घातली. फिरेना. पुन्हा घातली. फिरेना. थोरले पंच खुर्चीवरून म्हणाले, "काव सारजे, उलटी धरली का? इळा नोहे तो गवत कापायचा."

पुढच्या खुर्च्या हसल्या. मागं चटईवर आमची माणसं, तीही हसली. मी हसलो. हे लिहिताना हात जळतो, तरी लिहितो. मीही हसलो.

मायनं किल्ली काढली. वाकून पाहिलं.

"कुलूप नवं हाये, दादासाहेब. जुनं काऊन काढलं?"

थोरल्या पंचांनी थैलीची काठी जवळ ओढली. तिनं पेटी दोन्ही हातांनी उचलली, कानाशी नेली, हालवली. आवाज आला नाही.

"आमची ज्वारी कुठी गेली?"

काठी उठली. थैलीसकट. पहिला फटका खांद्यावर. "पेटीले हात लावतं? तुह्या बापाची हाये का?" दुसरा कानशिलावर. रक्त मानेवरून त्या दोऱ्यापर्यंत आलं.

दोन फटके मी बसून पाहिले. तिसरा पडायच्या आत काठी माझ्या हातात होती. कशी आली, आठवत नाही. गुडघ्यावर मोडली. अर्धा तुकडा थोरल्या पंचांच्या नरड्याला लावून त्यांना भिंतीपर्यंत रेटत नेलं. मग त्यांच्या गड्यांनी मला खाली पाडलं, तोंडावर लाथा घातल्या. दोन दात गेले. चटईवरचं एकही माणूस उठलं नाही.

उपासना चालवणारे पाळकसाहेब उठले. आले ते मायपाशी. "सारजाबाई, पंचांची क्षमा माग. नाही तर तुले अन् तुह्या पोराले प्रभुभोजन बंद."

मायनं पदरानं कान दाबून धरला होता. म्हणाली, "बरं. मंग माही मूठ बी बंद."

पुढल्या रविवारी महारवाड्यातून एकही मडकं आलं नाही. एकही. आता थोरल्या पंचांचे निरोपावर निरोप येताहेत. नागपूरच्या साहेबाला कळवू. शाळेतून पोरं काढू. वावरात पाय ठेवू देणार नाही. आणि वर बायबलातलं दुसऱ्या गालाचं वचन. अहो, गाल मायचा होता. तो पुढं करा म्हणून सांगणारे तुम्ही कोण?

ती किल्ली अजून तिच्या गळ्यात आहे. कुठलंच कुलूप उघडत नाही. मोडकी काठी माझ्याजवळ आहे. मायच्या किल्लीचं कुलूप पेटीला परत लागत नाही आणि दर रविवारी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पेटी उघडत नाही, तोवर तिथं आमचा दाणा जाणार नाही. पुन्हा काठी उठली तर पुन्हा मोडीन. या खेपेला गुडघ्यावर नाही.

आता तू. सोनाळ्याचा अस की सुलतानपूरचा, तुझ्याही मंडळीत पेटी आहे. या रविवारी गीत संपलं की चटईवरून ऊठ. पेटीपाशी जा. मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं विचार: दुसरी किल्ली कोणाकडे आहे? आणि कोणा बाईच्या हातात ती फिरली नाही, तर हसू नकोस. कुलूप बघ.