माठाला टेकून बसलेला माणूस

नशिराबादजवळ हायवेला माठाला टेकून बसणाऱ्या एका रोपवाल्या आबांकडून मी कडुनिंब घेतला. त्यांनी बजावलं, "आठ दिनमा एकच येळ पानी घालजो, भाऊ."

जळगावच्या उन्हात आठ दिवस तहान? मी रोज बादलीभर पाणी घातलं. तीन वर्षांत झाड छपराला लागलं आणि एका वावटळीत माझ्याच स्कूटरवर आडवं झालं. मुळं जेमतेम वीतभर खोल होती.

बुंधा मुळांसकट पोचे पडलेल्या स्कूटरला बांधून मी भांडायला गेलो. आबांनी मुळं चाचपली. "रोज वरेच पानी भेटनं, तर मूळ खाले कसाले जाई?"

भांडून माझा घसा सुकला. मी पाणी मागितलं. आबांनी माठावर हात ठेवला आणि रस्त्यापलीकडचा हातपंप दाखवला.