उसना आवाज

कानाच्या मशीनच्या दुकानात नोकरीला लागल्यापासून सूनबाईंचा एक पक्का समज झाला होता: केस पांढरे म्हणजे कान गेलेले. दिवसभर गिऱ्हाइकांशी ओरडून बोलायचं आणि घरी आल्यावर सासऱ्यांशीही तसंच. "बाबा, चहाऽऽ!" अशी हाक गेली की शेजारीण खिडकीतून विचारायची, "मलाही मिळेल का गं?" सासरे मुकाट्याने कप उचलायचे.

व्हायचं तेच झालं. एके सकाळी सूनबाईंच्या गळ्यातून नुसती हवाच आली. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर ओरडायचं नाही, नाहीतर आवाजाला मुकाल. मालकांनी त्याहून थोडक्यात आटपलं. "ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्याशी तुम्ही कुजबुजणार? उद्यापर्यंत काहीतरी करा, नाहीतर मी दुसरं माणूस बघतो."

"गेली माझी नोकरी," संध्याकाळी ओट्याशी ती स्वतःशीच पुटपुटली.

"कशी जाईल?" बाहेरच्या खोलीतून सासरे म्हणाले.

ती हातातलं पातेलं घेऊनच बाहेर आली. "बाबा, तुम्हाला ऐकू येतं?"

"जन्मापासून."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

सासरे जरा संकोचले. "सांगणार होतो. पण हल्लीची मुलं माझ्यासमोर कशी दबकत बोलतात, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशी. तू मात्र दणकून हाक मारायचीस. बरं वाटायचं गं."

दुसऱ्या दिवशी गुळगुळीत दाढी करून ते दुकानात तिच्या शेजारी बसले. ती हळूच बोलायची आणि ते खणखणीत आवाजात पुढे पोचवायचे.

"आंघोळीला जाताना मशीन काढून ठेवा! आणि सून टोमणे मारायला लागली तरी काढून ठेवा!"

दुसरं वाक्य तिचं नव्हतं. तिनं त्यांची बाही ओढली. समोरच्या आजी पोट धरून हसल्या. "अनुभवाचे बोल दिसतात!"

"छे हो! माझी सून तर तोंडातून ब्र काढत नाही!"

केबिनच्या दारात उभे राहून मालकही हसले. दुसरं माणूस बघायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

आठवडा संपता संपता पांढऱ्याशुभ्र केसांचे एक गृहस्थ आले, बरोबर तरुण मुलगा. सूनबाईंनी सवयीनं सासऱ्यांना खूण केली. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोच गृहस्थ म्हणाले, "माझे कान ठणठणीत आहेत हो. मशीन याला हवंय."

सासरे गालातल्या गालात हसले. सूनबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

परतताना चढावर तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "बाबा, माझी नोकरी तुमच्यामुळे राहिली."

"आणि माझा आठवडा तुझ्यामुळे मजेत गेला," सासरे म्हणाले. "सोमवारी किती वाजता निघायचं?"