जहाजाच्या पाळण्यात

वडिलांना, म्हणजे अण्णांना, पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ते माढ्याजवळच्या आमच्या गावी होते. पुढचे सगळे महिने आई आणि ते सोलापुरात माझ्याकडेच राहिले. दवाखाना, व्यायाम, औषधं आणि मध्ये माझी शाळेतली नोकरी. नवरा कामानिमित्त परगावी. झोपून उठलं तरी अंग शिणलेलंच असायचं. त्यामुळे दहावीची परीक्षा संपल्यावर लेक म्हणाली, "आपण सगळे पार्कात जाऊ या ना," तेव्हा मला फक्त आणखी एक काम वाढल्यासारखं वाटलं.

पण अण्णाच म्हणाले, "चला की. घरात बसून छत किती बगायचं?" आजारानं त्यांची जीभ जड झाली होती, तरी हे वाक्य अगदी स्पष्ट आलं.

पार्क हायवेला लागून होता. ऊन मी म्हणत होतं. अण्णांना लिंबाच्या सावलीत बाकावर बसवलं. मांडीवर आमच्या पिशव्या, पायाशी आमच्या चपला. लेक मला आणि आईला ओढत जहाजाच्या मोठ्या पाळण्याकडे घेऊन गेली. नऊवारीतल्या आईला बघून तिथला माणूस म्हणाला, "आजी, भ्या वाटंल." आई पदर खोचून चढून बसली.

आईनं कधी आवाज चढवलेला मला आठवत नाही. अण्णा ओसरीवर कोसळले तेव्हासुद्धा शेजारच्या दारात जाऊन ती हळूच म्हणाली होती, "जरा येता का, हे उठंनात." दवाखान्यातही ती पदर तोंडाशी धरून नुसती बसून असायची.

जहाज हलायला लागलं. पहिल्या दोन झोक्यांत ती गप्प होती. मग आमची बाजू आभाळाला टेकली, खालची माणसं इवलीशी झाली, आणि आई ओरडली. "आरं थांबव की! आरं मुडद्या, थांबव!" आवाज असा की पुढच्या रांगेतले लोक मागे वळून बघायला लागले. लेक हसून हसून गदगदत होती. आई शिव्या घालत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी मात्र ओरडले नाही. छातीवर लोखंडी दांडा घट्ट बसला होता. हात रिकामे होते. मला कुठं जाता येत नव्हतं, कुणाला काही देता येत नव्हतं. कित्येक महिन्यांत असं झालं नव्हतं. मी डोळे मिटले. खरं सांगायचं तर पाळणा थांबूच नये असं मला वाटत होतं.

खाली उतरून आम्ही अण्णांच्या बाकापाशी आलो.

"एवढं कोण वरडत हुतं?" अण्णांनी विचारलं.

"मीच की," आई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसता पुसता हसायला लागली. "लई बरं वाटलं बगा."

मग अण्णांनीही हट्ट धरला. पाळण्यात बसणं त्यांना शक्यच नव्हतं, पण भूतबंगल्यात चालत जाता येत होतं. लेक बाहेरच थांबली. अंधारात आईनं त्यांचा अधू हात धरला, मी मागे. वरून सापळा लोंबकळत खाली आला, कुठूनशी बाई किंकाळली, आणि वळणावर मुखवट्यातला एक माणूस आमच्या अंगावर धावून आला. आईनं हातातली पिशवी फिरवून त्याच्या टाळक्यात घातली.

"ओ मावशी, मारू नगा! ड्युटीवर हाय मी!" भूत ओरडलं.

अण्णा भिंतीला टेकून हसले. एका बाजूचा ओठ उचलत नव्हता, तरी आवाज त्यांचा जुनाच, छातीतून आलेला. भुतानं मुखवटा वर सरकवला आणि स्वतः त्यांना काखेत धरून बाहेरच्या दारापर्यंत आणून सोडलं.

संध्याकाळी घरी आलो. अण्णांच्या गोळ्या द्यायच्या होत्या, स्वयंपाक व्हायचा होता. मी ओट्याशी गेले तर आईनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"तू पड जरा. पिठलं मी टाकते."

"अगं, पण गोळ्या..."

"देते की. मला काय कळत न्हाय व्हय?"

तिचा आवाज ओरडून ओरडून घोगरा झाला होता. मी साडी न बदलता आतल्या खोलीत जाऊन पडले. डोळे मिटले तरी पलंग हळूहळू मागे-पुढे झुलतोय असं वाटत होतं. बाहेर अण्णा नातीला भुताची गोष्ट अडखळत सांगत होते. ती पुरी व्हायच्या आतच मला झोप लागली.