दुखेलबाई

पालघरच्या त्या हॉस्पिटलात सगळे खोटं बोलत. डॉक्टर बोलत, आम्ही आईबाप बोलत, भिंतीवरचं हसरं अस्वलसुद्धा बोले. खरं बोलायची ती फक्त जवळच्या मुरबे गावची एक सिस्टर. सुई हातात घेतली की मुलाच्या डोळ्यांत बघून सांगायची, "दुखेल." आमच्या ओवीनं तिचं नाव ठेवलं, दुखेलबाई.

ओवीला सहाव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. आता ती बरी आहे, शाळेत जाते. निदान मुंबईत झालं, पण दर आठवड्याची सुई इथेच टोचायची. मी सांगलीकडचा, बोईसरच्या एका कारखान्यात इंजिनियर. पहिल्या सुईच्या वेळी मी आणि एका वॉर्डमामांनी मिळून पोरीला आडवं दाबून धरलं. "मुंगी चावल्यासारखं होईल," असं मीच सांगितलं होतं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नातेवाईक फोनवर म्हणाले, "शूर आहे हो पोर." शूर कसली, तिला हलताच येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दुखेलबाई भेटली. मी पुन्हा मुंगी काढली.

"तुमाला चावलीय का अशी मुंगी?" तिनं विचारलं. "बाप एकदा खोटं बोलला का पोर कुणाचंच ऐकत नाय. तुमी बाजूला बसा."

मग ओवीकडे वळून म्हणाली, "दुखेल. पण आदी मलम लावते, तासाभरानं कमी दुखेल. रडायचं तर रड, हात तेवढा हलवू नको. कुठला हात देतेस?"

ओवीनं विचार करून डावा दिला. आजारी पडल्यापासून तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. तासाभरानं आईच्या मांडीवर बसून ती साबणाचे फुगे फुंकत राहिली, आणि तेवढ्यात सुई टोचून झाली. थोडी रडली. मग म्हणाली, "झालं?"

मलमाचा हा एक तास व्यवस्थापनाला फार दुखायचा. एका मुलाला दहा मिनिटं, असा नियम होता. व्यवस्थापकसाहेबांनी तिला मेमो दिला. तिनं तो वाचून खिशात टाकला. "सायबांना घाई हाय. सुई त्यांना नाय ना टोचायची."

पुढे हॉस्पिटलनं 'वेदनामुक्त बालकक्ष' काढला. म्हणजे जुन्याच खोलीला निळा रंग, आणखी दोन अस्वलं आणि दाराला फीत. दहा मिनिटांचा नियम तसाच. फीत कापताना गंजकी कात्री व्यवस्थापकसाहेबांच्याच अंगठ्यात घुसली. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला साहेब मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसले.

"सिस्टर, ते तुमचं मलम..."

"त्याला तास लागतो सायेब. तुमाला दहाच मिनिटं हायत."

आम्ही मोठ्या मुश्किलीनं हसू दाबलं. ओवी मात्र उठली आणि फुग्यांची बाटली साहेबांपुढे धरली. "काका, हळू फुंका. जोरात फुंकलं की फुगा होत नाही." साहेबांनी मुकाट्यानं फुंकलं. डोळे भरले होते त्यांचे.

आता नियम बदलेल, असं आम्हाला वाटलं. बदली झाली ती दुखेलबाईची, औषधांच्या गोदामात. तेही तिनं मुलांना सरळ सांगितलं. "उद्यापासून मी नाय. दुसरी सिस्टर येईल. तुमाला काय लागतं, ते तिला तुमीच सांगा."

"तुला वाईट वाटतंय?" ओवीनं विचारलं.

"हो," म्हणाली, आणि मुलांसमोरच रडली.

पुढच्या आठवड्यात नवी सिस्टर आली. "चला, पटकन आडवं झोपवा." विक्रमगडकडच्या पाड्यावरून एक बाई लेकीला घेऊन यायची. पावसावरच्या भातावर जगणारं घर. डॉक्टरांसमोर तिनं कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती. तिनं लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "आदी मलम. आमी बसतो तासभर."

"अहो, वेळ नाही."

बाई हलली नाही. तिच्या शेजारी ओवीची आई बसली, मग बाकीच्या आयाही. सिस्टरनं घड्याळाकडे बघितलं. मग तिनं कपाट उघडून मलमाची नळी काढली.

मी त्या दिवशी रजा टाकून व्यवस्थापनाला द्यायला दहा मिनिटांच्या नियमाविरुद्ध तीन पानी मुद्देसूद अर्ज लिहून आणला होता. तो खिशातच राहिला.