बिनमेंढरांचे बिऱ्हाड

"व्हतंय, व्हतंय. कुणालाबी व्हतंय," असे म्हणून ती समोरच्याच्या पाठीवरून खरखरीत हात फिरवायची. आपले दुःख आपल्याआधी ओळखणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. या म्हातारीला मात्र आमचे नसलेले दुःखही कळले होते, आणि ते नाही हे तिला शेवटपर्यंत पटवता आले नाही.

निवृत्तीनंतर आम्ही नवरा-बायकोने एक जुना टेम्पो घेतला, आत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली आणि देश बघायला निघालो. मुलगा त्याला कॅम्परव्हॅन म्हणायचा. वाटेत तऱ्हेतऱ्हेची माणसे भेटली. कोकणात एकाने न सांगता गाडी धुऊन दिली आणि मग आत बसून मेहुण्याच्या तक्रारी सांगितल्या. कर्नाटकात एक पहिलवान आमच्या आरशात बघून दाढी करून गेला. पण ही म्हातारी भेटली ती घराजवळ आल्यावर, पोखर्णीच्या अलीकडे.

दुसऱ्या दिवशी परभणीला पोहोचायचे आणि गाडी विकून टाकायची, असे ठरले होते. बायको त्या दिवशी विनाकारण गाडीचे पडदे झटकत होती. शेवटचा मुक्काम म्हणून एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या मोकळ्या रानात गाडी लावली. त्याच रानात त्याने खतासाठी मेंढरे बसवली होती. कळपाची मालकीण म्हणजे ही म्हातारी. तिने गाडीला एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले, मग आत डोकावली.

"मेंढरं कुठं हायती?"

"आमच्याकडे मेंढरं नाहीत, मावशी."

"मंग रानात कामून बसलाव? ह्या मालकाला खत काय देणार?"

याला एक खरे उत्तर होते, पण ते सांगण्यासारखे नव्हते. मी म्हणालो, "आम्ही नुसते फिरतो."

"कशामागं?"

एवढ्या प्रवासात हे कुणी विचारले नव्हते. माणूस हिंडतो जनावरामागे आणि जनावर चाऱ्यामागे, एवढे तिला पक्के ठाऊक. परभणीत आमचे घर आहे, हे सांगून पाहिले. घर असून गाडीत झोपणारा माणूस एक तर खोटा असणार, नाही तर फार दुःखात. तिने भल्या मनाने दुसरा अर्थ घेतला. आमची मेंढरे रोगाने गेली आणि लाजेपायी आम्ही ते लपवतो आहोत! पाठीवर हात आलाच.

सकाळी उठून पाहतो तर तिची सून एक गाभण मेंढी आमच्या गाडीत चढवत होती. मी नको म्हणालो, चिडलोसुद्धा.

"रिकाम्या बिऱ्हाडाला एक जितराब द्यावं लागतंय," म्हातारी म्हणाली. "आमालाबी दिल्तं कुणीतरी. इकायची न्हाई. फुडल्या साली ह्याच रानात येतो आमी, तवा बघीन किती झाल्या."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आले, मेंढीने पडदा खायला घेतला आणि माझे कोणी ऐकले नाही.

आता मेंढी जगवून दाखवणे हा इभ्रतीचा प्रश्न झाला. कॉलनीतले लोक नावे ठेवू लागले. मेंढी गाडीतून उतरेना. गाडीला गिऱ्हाईक आले, त्याने दार उघडले, मेंढीने त्याच्याकडे पाहिले, गिऱ्हाईक निघून गेले. पुढे कोकरू झाले. मी सरकारी नोकरीत कधी इतका हरखलो नव्हतो. आमचा कळप दुप्पट झाला होता!

पुढच्या साली मेंढी आणि कोकरू घेऊन त्या रानात गेलो. कळप होता, सून होती, म्हातारी नव्हती. मी इकडेतिकडे शोधू लागलो.

"हायती, हायती," सून म्हणाली. "गुडघे गेले त्यांचे. पालमकडं गावात घरकुल मिळालंय, तिथं ठिवलंय."

मी काही बोलण्याआधी बायको गाडीत जाऊन बसली होती.

सिमेंटच्या नव्या खोलीच्या दारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर म्हातारी रस्त्याकडे तोंड करून बसली होती. आम्हाला तिने ओळखले नाही. मेंढी ओरडली तशी ती चमकली.

"किती झाल्या?"

"दोन."

तिने मेंढीची पाठ दाबून पाहिली. "बिस्किटं चारता व्हय हिला?" असे म्हणून मला फैलावर घेतले. मग धरत धरत गाडीत चढली, पलंगावर बसली आणि कोकरू मांडीवर घेतले.

"चला."

"कुठं, मावशी?"

"मेंढरं हायती तिथं. चालणं व्हत न्हाई, बसणं तर व्हतंय की!"

कळपाजवळ पोहोचलो तसा म्हातारीचा मुलगा भडकला. "आये, चांगलं घर सोडून आलीस?" म्हातारीने गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "ह्ये काय, घरात बसूनच आले की."

त्या थंडीभर मग आम्ही कळपामागे होतो. पुढे मेंढरे, मागे पहिल्या गिअरमध्ये आम्ही, आमच्या मागे हॉर्न वाजवून दमलेली एसटी. एकदा एसटीच्या ड्रायव्हरने ओरडून विचारले, "ओ, गाडी बिघडली काय?" म्हातारी खिडकीतून ओरडली, "न्हाई! मेंढरं दमल्यात!"

थंडी सरता सरता एका सकाळी ती उठली नाही. आमच्या पलंगावरच गेली. मी इतका रडलो की मलाच नवल वाटले.

सगळे उरकल्यावर तिचा मुलगा म्हणाला, "आता तुमी घरी जावा." बरोबरच होते. तेवढ्यात कळप उठला आणि आमची मेंढी आणि कोकरूही त्यांच्यामागे चालू लागली. बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "गिअर टाका."

मागच्या पलंगावरून 'हळू' म्हणून आता कोणी ओरडणार नव्हते. तरी गाडी मी मेंढरांच्याच चालीने चालवली.