सात वाजताचा ओके रिपोर्ट

आमच्या घरात सकाळी सात वाजता ओके रिपोर्ट होतो. चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून मी सणसरला परत आलो, तेव्हा ही सवय माझ्याबरोबर आली. मुलगी सायली शिकायला बारामतीच्या होस्टेलवर गेली त्या दिवशी तिला नियम घालून दिला. रोज सातला फोन करायचा, आणि काही बिघडलं असेल तर लपवायचं नाही. आता ती पुण्यात नोकरी करते आणि नियम उलटा फिरलाय. सातच्या ठोक्याला तिचा फोन येतो.

"अण्णा, ओके रिपोर्ट?"

"दोनापैकी दोन. सब ठीक."

दोन म्हणजे मी आणि तिची आई मंगल. गेले तीन महिने हा रिपोर्ट मी रोज खोटा दिला.

ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांना एवढंच सांगतो. प्रत्येक चौकी ठरलेल्या वेळी वायरलेसवर खाली कळवते की माणसं किती आणि ठीक किती. दहा सेकंदांचं काम असतं. पण डॉक्टर कुठे पाठवायचा, हेलिकॉप्टर कुणासाठी उडवायचं, हे सगळं त्या दहा सेकंदांवर ठरतं. रिपोर्ट देणाऱ्यावर खालचे लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

तीन महिन्यांपूर्वी उसाचं बेणं उतरवताना ट्रॉलीवरून माझा पाय घसरला. बरगडीला मार लागला म्हणून बारामतीला छातीचा सीटी स्कॅन काढला. बरगडी शाबूत निघाली. डॉक्टर तिशीतली बाई होती. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला एक गाठ आहे. आठ मिलिमीटर. डावीकडे दोन आहेत, अगदी बारीक. पुष्कळ लोकांना अशा असतात आणि काही करत नाहीत. घरात कुणाला कॅन्सर?"

"वडिलांना. फुफ्फुसाचा. थोरल्या भावाला, फुफ्फुसाचाच. बहीण कऱ्हाटीला दिली होती, तिला स्तनाचा."

"आता कसे आहेत?"

"तिघंही गेले."

ती लिहीत होती ते थांबली. मग म्हणाली, "तीन महिन्यांनी परत स्कॅन करू. तोपर्यंत काळजी करत बसू नका."

मी आयुष्यात बरेच कठीण हुकूम पाळलेत. हा पाळता आला नाही.

रिपोर्टचं पाकीट मी घरी आणून माझ्या काळ्या ट्रंकेत तळाशी ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून गोठ्यामागे जायचं, श्वास रोखायचा आणि घड्याळ बघायचं, असं सुरू केलं. पहिल्या दिवशी अठ्ठेचाळीस सेकंद आले. एकदा एक्केचाळीसच आले, तेव्हा दिवसभर तोंडात घास फिरत नव्हता. थुंकलो की खाली वाकून रंग बघायचो. मंगलने एकदा पकडलं.

"नाक दाबून काय बसलाय?"

"योगा करतोय."

"योगानं मानसाचं त्वांड खुलतंय म्हनत्यात. तुमचं का उतरलंय?"

ती शेणाची पाटी उचलून गेली.

वडील बिडी ओढायचे, त्यांचं कारण तरी कळलं. भावाने जन्मात सुपारी खाल्ली नव्हती. तो गेला तेव्हा त्याचं वय आज माझं आहे तेवढंच होतं. आजोबांपर्यंत आमचं घर मेंढरं राखणारं. कळपात रोग शिरला की पुढचं मेंढरू कोणतं जाणार हे आजोबा नुसत्या चालीवरून सांगायचे आणि ते खरं व्हायचं. मी दुकानाच्या काचेत स्वतःची चाल बघायला लागलो. मला भीती वाटत होती. पोस्टवर वाटायची त्याहून जास्त, कारण तिथे निदान रिलीफची तारीख माहीत असते. अमुक दिवशी दुसरी तुकडी वर येणार आणि आपण खाली उतरणार. इथे रिलीफ नव्हता.

घरच्यांना का सांगितलं नाही? सायलीचं लग्न ठरायचं होतं. स्थळाकडचे लोक घराण्यात काय आजार आहेत ते विचारतात. आधीच तीन नावं होती, चौथं कशाला, असा हिशोब मी केला. तो मला बरोबर वाटला. असाच एक हिशोब एकोणीस वर्षांपूर्वीही मला बरोबर वाटला होता.

त्या पाकिटावर ट्रंकेत शाली आहेत, एकोणीस. वरकुट्याच्या शाळेच्या कमानीवर लान्स नाईक भानुदासचं नाव आहे. त्याच्या स्मृतिदिनी दरवर्षी गाव मला बोलावतं, शाल आणि नारळ देतं आणि दोन शब्द बोलायला उभं करतं. मी बोलतो. भानुदास शेवटच्या श्वासापर्यंत ड्यूटीवर होता, असं सांगतो. मुलं टाळ्या वाजवतात. एकही शाल मी अंगावर घेतलेली नाही.

आमची चौकी हिमनदीवर होती, साधारण एकोणीस हजार फुटांवर. त्या वेळी वर आम्ही आठच जण होतो. पोस्टचे साहेब चार दिवसांसाठी खाली गेले होते, नर्सिंग असिस्टंट त्यांच्याबरोबर. चार्ज माझ्याकडे होता. भानुदास माझ्याच तालुक्यातला, सव्वीस वर्षांचा. पोस्टवर आम्ही दोघंच गावाकडचं बोलायचो. त्याला सर्दी झाली, मग खोकला. दुसऱ्या दिवशी चालताना तो मधेच थांबायला लागला. ही लक्षणं आम्हाला शिकवलेली असतात. उंचीवर फुफ्फुसात पाणी भरतं, त्याला हापो म्हणतात. त्यावर खरा इलाज एकच, माणसाला लगेच खाली उतरवणं.

"उस्ताद, रिपोर्टात घालू नगा," तो म्हणाला. "पाच दिसांनी रजा हाय. भैनीचं लगीन हाय. खाली गेलो तर दवाखान्यात महिनाभर अडकवत्याल."

मी म्हणालो, "उद्या सकाळी बघू."

सकाळी सहाला तो चहा घेऊन आला. ओठ निळसर होते. थंडीने आमचे सगळ्यांचेच तसे असतात, असं मी स्वतःला सांगितलं. वायरलेस वाजला. चार्ली हे आमच्या चौकीचं वायरलेसवरचं नाव.

"चार्ली, ओके रिपोर्ट भेजो, ओवर."

"चार्ली. आठ में से आठ. सब ठीक, ओवर."

त्या दिवशी नऊ वाजेपर्यंत आभाळ स्वच्छ होतं. दोन हेलिकॉप्टर समोरच्या चौकीवर सामान टाकून परत गेली. आम्ही हात हलवले. भानुदासनेही हलवला.

नऊ चाळीसला तो बर्फ वितळवताना स्टोव्हजवळ कोसळला. छातीला कान लावला तर आत खुळखुळ आवाज येत होता. तोंडातून गुलाबी फेस. मी वायरलेस घेतला.

"चार्ली. एक कॅज्युअल्टी, हापो. हेलिकॉप्टर चाहिए, ओवर."

"सुबह सब ठीक बोला था, ओवर."

मी परत तेच मागितलं.

"ढग आलेत, हवा खराब. वेट. बॅगमध्ये घाला," असं खालून डॉक्टरने सांगितलं.

हापो बॅग म्हणजे माणूस आत झोपेल एवढी कापडी पिशवी. चेन लावायची आणि पायपंपाने हवा भरत राहायचं. आत दाब वाढतो आणि माणसाला खाली उतरल्यासारखं होतं. मिनिटाला बारा वेळा पाय मारायचा, थांबायचं नाही. चेन उघडली तर दाब जातो, म्हणून आतल्याला हात लावता येत नाही. तोंडाशी पारदर्शक खिडकी असते, तिच्यातून बघायचं. आम्ही सात जणांनी आळीपाळीने पंप मारला. माझी पाळी संपली तरी मी पंप सोडत नव्हतो, मला ओढून बाजूला केलं. सुरुवातीला त्याने आतून अंगठा दाखवला. दुपारी एकनंतर दाखवला नाही. दोन वाजून दहा मिनिटांनी खिडकीवर वाफ धरायची बंद झाली. आम्ही पावणेतीनपर्यंत पाय मारत राहिलो. हेलिकॉप्टर तिसऱ्या दिवशी आलं.

चौकशी झाली. मी सांगितलं की आजार अचानक वाढला. ते कागदावर बरोबर बसलं.

दुसऱ्या स्कॅनचा दिवस मंगळवार, वेळ साडेनऊ. मंगलला सांगितलं की पाण्याच्या मोटारीचं स्टार्टर दुरुस्तीला नेतोय. सीटीच्या मशिनमध्ये आडवं झालं की आवाज येतो, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. मी रोखून धरला. वर पांढरं प्लॅस्टिक होतं आणि बाहेरून काचेतून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. तीनदा तसं झालं.

साडेअकराला डॉक्टरने आत बोलावलं. या वेळी तिने स्क्रीन वळवली नाही.

"आठची बारा झालीय. कडाही बदलल्यात. पुण्याला जावं लागेल. पेट स्कॅन, मग सुईने तुकडा काढून तपासणी. तो रिपोर्ट आल्याशिवाय मी नाव घेणार नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"घराण्याचा इतिहास बघता, तयारीत राहा." मग तिने विचारलं, "घरी सांगितलंय ना?"

"सांगितलंय."

मोटरसायकल इंदापूरच्या रस्त्याला लावली. सणसर आलं, मी गाडी थांबवली नाही. का ते मला नीट सांगता येणार नाही. एकाच दिवसात दोनदा खोटा रिपोर्ट झाला होता, सकाळी सायलीला आणि आता डॉक्टरला. मला पहिल्या खोट्याकडे जायचं होतं.

वरकुट्याला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. भानुदासचे वडील, तात्या, ऐंशीच्या पुढचे. लिंबाखाली बाजेवर बसले होते. नजर कमी झालीय, पण माझा आवाज ओळखतात.

"आज कसं काय, हवालदार? कार्यक्रमाला तर दोन महिनं हायेत."

मी बाजेच्या कडेला बसलो. "तात्या, येक सांगायचं ऱ्हायलंय. भानुदास गेला त्या दिशी सकाळचा रिपोर्ट म्याच दिला व्हता. त्यो दोन दिस खोकत व्हता. मला दिसत व्हतं. तरी म्या सब ठीक सांगितलं. खरं बोललो असतो तर सातला हेलिकॉप्टर आलं असतं."

तात्या बराच वेळ काठीने जमीन उकरत होते. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्या होत्या.

"आदल्या दिशी त्येचा फोन आला व्हता," ते म्हणाले. "त्यो तुमचा सॅटेलाइटचा. लई खोकत व्हता. म्हनला, तात्या, दम लागतुया. म्या म्हनलं, कुनाम्होरं बोलू नगंस. लगीन तोंडावर आलंय, दवाखान्यात घालत्याल तुला. दाब खोकला."

त्यांनी काठी बाजेला टेकवली.

"त्येच्या आयला न्हाय सांगितलं कवा. ती जाईस्तवर न्हाय सांगितलं."

बोलून टाकलं की हलकं वाटतं, असं लोक म्हणतात. मला वाटलं नाही. त्यांनाही वाटलं नसावं. एकोणीस वर्षं आम्ही दोघं त्या स्टेजवर शेजारी बसत होतो, एकच गोष्ट पोटात घेऊन. कुणाही एकाने तोंड उघडलं असतं तरी भानुदास आला नसता, आणि आता उघडलं तरी येणार नव्हता.

"आजच का आठवलं तुमाला?" तात्यांनी विचारलं.

मग मी गाठीचं सांगितलं. आठ, बारा, वडील, भाऊ, बहीण. माझ्या तोंडून हे ऐकणारा तो पहिला माणूस.

"घरी ठावं हाय?"

"न्हाय."

"मंग हितं कशाला बसलाय?" तात्या म्हणाले, आणि तोंड फिरवून आडवे झाले.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. स्टार्टरचं काय झालं, मंगलने विचारलं. पार्ट मिळाला नाही म्हणालो. तिच्यासमोर जेवलो. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मीठ मागितलं. तिसऱ्या वेळी तिने मिठाचा डबाच पुढ्यात ठेवला.

सकाळी गोठ्यामागे गेलो नाही. ट्रंक उघडली, एकोणीस शाली बाहेर काढून खाटेवर ठेवल्या आणि तळातलं पाकीट घेतलं. कालचं नवं पाकीट त्याच्यावर ठेवून दोन्ही बरोबर घेतली. स्वयंपाकघरात मंगल भाकरी थापत होती. तिच्याजवळ पाट घेऊन बसलो. सातला फोन वाजला. मी स्पीकर लावला आणि फोन परातीशेजारी ठेवला.

"अण्णा, ओके रिपोर्ट?"

पोस्टवर असं बोलताना आवाज सरळ ठेवायचा असतो. माझा राहिला नाही.

"दोनापैकी एक ठीक. एक बीमार."

मंगलचा हात पिठातच थांबला. ती माझ्या हातातल्या पाकिटांकडे बघत होती.

"कोण, अण्णा?" सायली म्हणाली.

"मी."

तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी मंगलने ती उलटली नाही. पुण्याला काय निघणार हे मला कळून चुकलंय, आमच्या घरात ते वेगळं कधी निघालेलं नाही. रिपोर्ट दिल्याने गाठ थांबत नाही.

पण तो असाच द्यायचा असतो. त्या सकाळी सहा वाजता मला इतकंच म्हणायचं होतं. आठपैकी सात ठीक, एक बीमार. लान्स नाईक भानुदास, वय सव्वीस, गाव वरकुटे, तालुका इंदापूर.