प्रिंटरच्या पोटातलं कुंकू

मी मूळची सांगलीची, म्हसवडच्या एका शाळेत हेडक्लार्क. आमच्या ऑफिसात वीज गेली की कॉम्प्युटरवरून प्रिंटर गायब होतो, आणि वीज वरचेवर जाते. तो परत जोडायचा तर सेटिंगमध्ये शोधत बसावं लागतं. म्हणून मी डेस्कटॉपवर एक शॉर्टकट करून ठेवला होता. नाव, 'प्रिंटर जोडा'. दोनदा क्लिक केलं की प्रिंटर जोडायची खिडकी थेट समोर. कुणालाही जमावं, एवढंच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. मुलगा सैन्यभरतीसाठी साताऱ्याला गेलेला, आणि शाळा सोडल्याचा दाखला घरात गळक्या पत्र्याखाली भिजून लगदा झालेला. कागदपत्रं उद्या सकाळी तपासणार. दुसरी प्रत घेऊन संध्याकाळच्या एसटीनं त्या स्वतःच निघणार होत्या. मुख्याध्यापक सहीसाठी थांबले. मी कॉम्प्युटर सुरू केला.

स्क्रीनवर हळदीची बोटं आणि चिकटून वाळलेली झेंडूची पाकळी. माऊस नारळाच्या पाण्यानं चिकट. हात लावायची किळस आली. प्रिंटर नेहमीप्रमाणे गायब, आणि डेस्कटॉप रिकामा.

"भाऊसाहेब, इथले शॉर्टकट कुठे गेले?" मी आमच्या जुन्या क्लार्कना विचारलं.

"खंडेनवमीची पूजा मांडायची म्हणून समदं पुसलं की, मॅडम. लय पसारा व्हता."

"रिसायकल बिनमध्ये तरी असतील?"

"ती बी रिकामी केली. सणाला घरात कचरा ठेवत्यात व्हय?"

बाई दारातून म्हणाल्या, "आवं, गाडी चुकंल माजी."

भांडायला वेळ नव्हता. रिकाम्या जागेवर राइट क्लिक, न्यू, शॉर्टकट. समोर आलेल्या चौकटीत प्रिंटर जोडायची आज्ञा टाइप केली. ती ओळ मला पाठ आहे. पुढे नाव दिलं आणि नव्या शॉर्टकटवर क्लिक केलं. यादीत आमचा प्रिंटर दिसला, जोडला. दाखला छापायला सोडला.

कागद बाहेर आला तो मधून लाल पट्टा घेऊन. थेट मुलाच्या जन्मतारखेवर.

"देवाचं कुंकू हाय, चालंल की," भाऊसाहेब म्हणाले.

"साताऱ्याचा सायब देव न्हाई," बाई फणकारल्या. "खाडाखोड म्हणून हाकलंल पोराला."

मी प्रिंटरचं झाकण उघडलं. रोलरवर कुंकू, खाली अक्षता, कोपऱ्यात पेढ्याचा चुरा आणि त्यावर मुंग्यांची रांग. यंत्राचा मान म्हणून त्याच्या तोंडात पेढा कोंबायचा, ही कसली भक्ती? तोंडाला पदर लावून मी मुंग्या झटकल्या, रोलर ओल्या फडक्यानं पुसले, ते वाळेपर्यंत दात खात उभी राहिले. पुन्हा छापलं. पट्टा फिकट. तिसरा कागद डागाशिवाय स्वच्छ आला. सही, शिक्का. बाई दाखला पोलक्यात खोचून स्टँडकडे पळाल्याच.

"मॅडम, त्यो शॉर्टकट आता कुणी पुसायचा न्हाई," भाऊसाहेब वरमून म्हणाले. मला वाटलं, अक्कल आली.

सकाळी कॉम्प्युटर उघडला तर स्क्रीनवर नेमक्या त्याच शॉर्टकटवर कुंकवाचं ताजं बोट. खाली टेबलावर पेढा ठेवलेला, आणि त्याच्याकडे निघालेल्या मुंग्या.